पाऊण तास

मोहननगरात नळ साडेपाचला येतो
आणि पाऊण तास राहतो.
माझी सकाळची प्रार्थनाही पाऊण तासाचीच.
दोन्ही एकाच वेळी का,
हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

मोतीबागेच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं फिटर होतो.
पंप मीच बसवला, अर्ध्या हॉर्सपॉवरचा,
जिन्याखाली, गोणपाटात गुंडाळून,
आवाज गल्लीत जाऊ नये म्हणून.
तो घरात येतो.
डोळे मिटले की जास्तच येतो.

"प्रभू," मी म्हणतो,
आणि कान गच्चीवर जातात.
टाकी कितीशी भरली असेल?
सोनटक्केबाईंच्या गुडघ्यासाठी मागत असतो,
मधेच आठवतं, कूलर कोरडा आहे,
मे महिना, पारा सेहेचाळीसवर,
वाळ्याच्या ताट्या रात्री तीनलाच कडकडीत.
आमेन म्हणायला आणि टाकी वाहायला
बहुतेक एकच गाठ पडते.

फिबी असती तर म्हणाली असती,
"तुमची भक्ती म्हणजे मीटर चालू
आणि ऑटो जागेवर उभा."

काल पंप चालू असताना दारात शकुन मेश्राम.
तिचं घर गल्लीच्या टोकाला, जिथं पाइप संपतो.
कमरेवर रिकामी गुंडी,
मागे पोरगं, रंगाच्या डब्याला तार बांधून आणलेलं.
"काहून जी काका, तुमच्याइकडे आलं काय पाणी?
आमच्या नळाले नुसती हवाच येते."
मी म्हणालो, "बघतो."
काय बघणार होतो?
जिन्याखालचं गोणपाट थरथरत होतं,
झोपेचं सोंग घेतलेल्या माणसासारखं.
तिनं ते पाहिलं.
पदरानं पोराचं तोंड पुसलं आणि गेली.

मी परत गुडघे टेकले.
आईनं पाठ करून घेतलेली ती प्रार्थना,
तिच्यात "माझी भाकर" असं कुठंच नाही.
"आमची" आहे.
साठ-बासष्ट वर्षं म्हणतोय,
काल पहिल्यांदा त्या शब्दापाशी थांबलो,
दाताखाली खडा यावा तसा.
आमची म्हणजे कोणाकोणाची?
मी घरं मोजायला लागलो.
अठरा. पाइप एक.

मला पाण्याचा दाब कळतो,
त्याच्यावरच तर घर चाललं.
इकडून ओढलं की तिकडे हवा येते,
हे सांगायला पाळकसाहेबांची गरज नव्हती.

बटण बंद केलं.
एवढी शांतता, की घड्याळाचा राग आला.
मग गल्लीच्या टोकाहून गुंडीत पडणारी धार,
आधी पातळ, पत्र्यावर पडल्यासारखी,
मग जाड,
मग पाण्यावर पाणी.
मी तेवढंच ऐकत राहिलो.
मागितलं काहीच नाही.
कान कुठंही गेले नाहीत.

इथंच संपलं असतं तर बरं होतं.
रविवारी साक्ष द्यायला उभा राहिलो असतो,
गळाही दाटून आला असता,
सोनटक्केबाईंनी रुमाल काढला असता.

पण आज पुन्हा साडेपाच वाजले.
टाकी अर्धी, कूलर कोरडा,
आणि हात आपसूक जिन्याखाली.
बोट बटणावर.
या बोटाला मी चांगला ओळखतो,
दानाच्या थैलीत नोट टाकतानाही
ते आधी चाचपून बघतं, दहाची की पन्नासची.

प्रभू, पंप काढूनच टाकावा म्हणतो.
पाना शोधून ठेवलाय, बारा-तेराचा.
पण बोल्टला गंज चढलाय,
एका हातानं फिरवला तर नटही सोबत फिरतो,
नुसताच फिरत राहतो.
हे एकट्याचं काम नाही, तुला ठाऊक आहे,
तूही हत्यारं धरलेला माणूस.
मी इकडून जोर लावतो.
तू पलीकडून नट धर.